पागडी, उपकर, चटईक्षेत्र : मुंबईतील भाडेनियंत्रणाचा इतिहास

कायद्याचा इतिहास सामान्यतः कलमांच्या, दुरुस्त्यांच्या आणि न्यायनिर्णयांच्या आधारे लिहिला जातो. आणि ते योग्यही आहे. परंतु कायदा ज्या लोकव्यवहाराला लागू होतो त्या व्यवहाराची स्वतःची अशी एक परिभाषा असते. कायद्याने एखादी गोष्ट निषिद्ध ठरविली म्हणजे ती नाहीशी होतेच असे नाही. पुष्कळदा ती केवळ नाव पालटते, आणि ते नवे नाव तिच्या स्थलांतराची साक्ष देत राहते. मुंबई शहरातील घरभाड्याच्या नियंत्रणाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ‘पागडी’, ‘ओनरशिप’, ‘उपकरप्राप्त’ आणि ‘चटईक्षेत्र’ हे शब्द आज मुंबईकरांच्या तोंडी इतके रुळले आहेत की, त्यांच्यापैकी प्रत्येकाचा जन्म एखाद्या कायद्याच्या पोटी झाला आहे, याचे सहसा स्मरण राहत नाही. हे शब्द क्रमाने घेतले असता त्यांतून एकच प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो : कायद्याने जो भाव गोठविला, त्याचा आणि बाजारभावाचा फरक अखेर कोणाच्या खाती पडला?

(१) पूर्वपीठिका

घरावर व धंद्यावर कर बसविणे ही काही इंग्रजी अमदानीची देणगी नव्हे. पेशवाईच्या दप्तरांत ‘मोहतर्फा’ या नावाने कारागीर, दुकानदार आदि बिगरशेतकरी लोकांवरील कर आढळतो. मुंबई इलाख्यात १८४४ च्या कायद्याने मोहतर्फा, शहरजकात आणि धंद्यांवरील इतर पट्ट्या एकदम रद्द करण्यात आल्या. तथापि पुढे नगरपालिका अस्तित्वात आल्यावर घरपट्टी आणि जकात यांच्या रूपाने ही करपद्धती नव्या पायावर परतली. करांची नावे व वसूल करणारे हात बदलतात, पण कराचा विषय क्वचितच बदलतो, हे या प्राथमिक उदाहरणावरूनही दिसून येते.

मुंबईच्या घरांचा प्रश्न शासनाच्या दारी प्रथम तातडीने आणला तो १८९६ च्या प्लेगने. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद करणे व नव्या वसाहती आखणे हे त्याचे काम. परंतु जितकी घरे पाडली जात, तितकी गरिबांना परवडणारी घरे त्याच वेगाने उभी राहत नसत. गिरणीकामगारांच्या निवाऱ्याचा मुख्य भार खाजगी चाळमालकांवरच राहिला. चाळ बांधणे हा त्या काळी एक रीतसर धंदा होता; व्यापारी, दलाल, धर्मादाय संस्था आणि चार पैसे गाठीला असलेली मध्यम स्थितीतील कुटुंबे आपली शिल्लक त्यात गुंतवीत आणि भाड्याच्या उत्पन्नावर निर्वाह करीत. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढील कायद्यांनी जे बदलले ते मुख्यतः हेच : भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा धंदा राहील की नाही, हे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या जोरात चालू लागल्या, कामगारांची रीघ लागली आणि बांधकामाचे साहित्य महागले. भाडी चढली. १९१८ मध्ये युद्धकालीन निर्बंध म्हणून मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. त्यापाठोपाठ १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत विकास खाते स्थापन होऊन सरकारने स्वतःच चाळी बांधण्यास हात घातला. या योजनेच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. ज्या उद्योगामुळे कामगार शहरात आला, त्याच उद्योगाच्या कच्च्या मालाने त्याच्या खोलीचा खर्च सोसावा, असा हा हिशेब होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या, आणि ‘बी. डी. डी. चाळ’ हा शब्द मुंबईच्या मराठीत कायमचा दाखल झाला. मात्र संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात सुमारे सोळा हजारच झाल्या, आणि त्यांपैकीही कित्येक प्रारंभीची काही वर्षे ओस पडून होत्या. कामगाराच्या वेतनाला पेलणारे भाडे आणि बांधकामाचा खर्च भरून काढणारे भाडे यांतील अंतर सरकारलाही बुजविता आले नाही. पुढील सर्व इतिहास म्हणजे या अंतराचाच इतिहास होय.

(२) प्रमाणभाडे : एका तारखेची सत्ता

१९१८ चा कायदा मुदतीचा होता व तो यथाकाल लयास गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ मध्ये आणि पुन्हा १९४४ मध्ये असेच कायदे करण्यात आले. या सर्वांची जागा १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने घेतली. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, घरांची टंचाई पराकोटीची होती आणि घरमालकाच्या मर्जीवर भाडेकरूचे बिऱ्हाड रस्त्यावर येणे ही रोजची भीती होती. अशा वेळी कायद्याचा हेतू न्याय्य होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

या कायद्याचे मर्म ‘प्रमाणभाडे’ या संज्ञेत आहे. जागा १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या भाड्याने दिलेली होती, ते तिचे प्रमाणभाडे. जी जागा त्या तारखेनंतर प्रथमच भाड्याने दिली गेली, तिचे पहिले भाडे हेच तिचे प्रमाणभाडे. करांतील वाढ, विशिष्ट सुधारणांचा खर्च यांसारख्या मर्यादित कारणांखेरीज त्यात वाढ करता येत नसे. भाडे देण्यास तयार असलेल्या भाडेकरूस कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून काढता येत नसे. विशेष म्हणजे हा नियम केवळ राहत्या घरांना नव्हे, तर दुकाने, कचेऱ्या, गोदामे यांनाही लागू होता.

‘प्रमाण’ हा शब्द येथे विचार करण्यासारखा आहे. प्रमाण म्हणजे माप, निकष. आणि निकष हा परिस्थितीनुसार लावावयाचा असतो. परंतु कायद्याने त्याला एका तारखेशी जखडून टाकले. वस्तुतः ही योजना तात्पुरती होती आणि कायदाही अल्प मुदतीचा होता. पण ती मुदत वारंवार वाढविली गेली आणि कायदा पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला. महागाई दर वर्षी पुढे सरकत गेली, तारीख मात्र जागची हलली नाही. पहिली पाच-दहा वर्षे जो कायदा भाडेकरूचे रक्षण करीत होता, तोच पुढे त्याच्या डोक्यावरील छपराच्या दुरुस्तीचा पैसा आटविणारा ठरला.

(३) पागडी

गोठविलेले भाडे आणि जागेचे खरे मोल यांतील दरी रुंदावत गेली, तसतशी ती रोख रकमेने भरण्याची रीत रूढ झाली. तिचे नाव पागडी. भाडेकरूकडून भाड्याव्यतिरिक्त नजराणा घेण्यास घरमालकाला, आणि ताबा सोडण्यासाठी पैसा घेण्यास भाडेकरूला, अशी दोघांनाही १९४७ च्या कायद्याने स्पष्ट मनाई केली होती. तरीही हा शब्द गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी, लालबाग, परळ येथे घरोघरी पोहोचला.

मराठीत डोक्यावरच्या वस्त्राला पगडी किंवा पागोटे म्हणतात. या व्यवहारासाठी मात्र ‘पागडी’ हे दीर्घ स्वराचे रूप चालते. गुजरातीत ‘पाघडी’ हा एकच शब्द शिरोवस्त्र आणि ही रक्कम या दोन्ही अर्थांनी वापरतात. मुंबईच्या पेठांतील व्यवहाराची भाषा पाहता मराठी रूपावर गुजरातीची छाया असावी असे दिसते. कलकत्त्यात याच व्यवहाराला ‘सेलामी’ म्हणतात; तो शब्द जमीनदारीच्या काळातील नजराण्याशी संबंधित आहे. एके ठिकाणी पागोटे, दुसऱ्या ठिकाणी सलाम. दोन्ही शब्द मानपानाच्या क्षेत्रातले आहेत. जो पैसा किंमत म्हणून मागता येत नाही तो मान म्हणून मागावा, ही युक्ती दोन्ही शहरांना सुचावी यात नवल नाही.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र साधे आहे. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्या माणसाकडून मोठी रक्कम घेई. तीतील काही हिस्सा, बहुधा एकतृतीयांशाच्या आसपास, घरमालकाला मिळे आणि तो नव्या माणसाच्या नावे भाडेपावती फाडून देई. व्यवहार बेकायदा असल्याने त्याला लेख नसे. लेख नसल्याने मुद्रांकशुल्क नाही, प्राप्तिकर नाही, आणि अशा जागेवर बँकेचे कर्जही नाही. म्हणजे ज्याच्याजवळ एकरकमी पैसा असेल त्यालाच ही वाट मोकळी. नव्याने मुंबईत आलेला कामगार, ज्याच्या जवळ महिन्याच्या पगारावाचून काही नव्हते, तो या बाजारात शिरूच शकत नव्हता. कायद्याने आत असलेल्या भाडेकरूचे रक्षण केले. दारात उभ्या असलेल्याचा विचार कायद्यात कोठेच नव्हता. त्याच्यापुढे दोनच मार्ग उरले : दुसऱ्याच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहणे, किंवा झोपडी.

दुकानदारांच्या बाबतीत या योजनेचा आणखी एक परिणाम झाला. जुन्या पेठांतील व्यापाऱ्याला नाममात्र भाड्यात मोक्याची जागा मिळत राहिली आणि धंदा चालो वा न चालो, ती न सोडण्यातच त्याचा लाभ होता. नव्या धंदेवाल्याला मात्र त्याच रस्त्यावर गाळा मिळविण्यासाठी पागडीत भांडवल अडकवावे लागे. एकाच गल्लीतील दोन दुकानदारांच्या खर्चात जो फरक पडे, तो कसबामुळे वा श्रमामुळे नव्हे, तर केवळ कोण आधी आला यावरून पडे.

(४) ओनरशिप

भाडे गोठणार असेल तर भाड्यासाठी कोण बांधील? नव्या इमारतीचे पहिले भाडे मालकाला ठरविता येई हे खरे. पण एकदा ठरले की तेही कायमचे. भांडवल घालणाऱ्याने यावर एकच उत्तर काढले : भाड्याने द्यावयाचेच नाही, विकावयाचे. ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा मुंबई मराठीतील शब्दप्रयोग या उत्तरातून रूढ झाला. सदनिका विकण्याच्या या धंद्यात फसवणुकीचे प्रकार वाढल्यामुळे १९६३ मध्ये महाराष्ट्र शासनाला मालकी हक्काच्या सदनिकांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी या पद्धतीला स्थैर्य दिले आणि मध्यमवर्गाला त्यातून घरे मिळाली, हे नाकारता येणार नाही. परंतु भाड्याची खोली हे ज्या वर्गाचे शहरातील पहिले पाऊल असते, त्याच्यासाठी बांधणारा कोणी उरला नाही.

जे विकत घेतलेले घर तात्पुरते दुसऱ्यास द्यावयाचे, त्यासाठी ‘लीव्ह अँड लायसन्स’ नावाची पळवाट निघाली. भाडेकरू हा शब्द टाळून ‘परवानाधारक’ म्हटले की कायदा लागत नाही, असा हा तर्क. १९७३ मध्ये शासनाने कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्या दिवशी जे आत होते त्यांना संरक्षण मिळाले. पण पुढे आपली जागा कोणालाही देण्यापेक्षा ती कुलूप लावून ठेवणे बरे, असे मानणाऱ्या मालकांची संख्या वाढली. शब्द बदलून कायदा चुकविणे आणि कायदा बदलून शब्द गाठणे, असा हा पाठशिवणीचा खेळ होता.

(५) घरपट्टी

भाडेनियंत्रणाचा करपद्धतीवर झालेला परिणाम कमी लक्षात घेतला जातो. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याप्रमाणे इमारतीपासून वाजवीपणे अपेक्षिता येईल असे वार्षिक भाडे धरून, त्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी दहा टक्के वजा करून उरणारी रक्कम हे करपात्र मूल्य. समजा, एका खोलीचे प्रमाणभाडे दरमहा दहा रुपये आहे. वार्षिक भाडे १२० रुपये. करपात्र मूल्य १०८ रुपये. जेथे कायद्यानेच दहा रुपयांहून अधिक भाडे घेता येत नाही, तेथे ‘वाजवीपणे अपेक्षित’ भाडे त्याहून अधिक कसे धरावयाचे? कलकत्त्याच्या १९६१ मधील व दिल्लीच्या १९७९ मधील खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व ग्राह्य धरले : नियंत्रित भाडे हीच कराच्या आकारणीची कमाल मर्यादा.

याचा अर्थ, घरमालकाचे उत्पन्न जेथे गोठले तेथेच नगरपालिकेचेही गोठले. जुन्या मुंबईला पाणी, मलनिःसारण, रस्ते हे सारे आजच्या खर्चाने पुरवावयाचे आणि कर मात्र १९४० च्या भाड्यावर घ्यावयाचा. ही तूट मग कराचे दर चढवून भरणे भाग पडले, आणि चढत्या दरांचा भार नव्या इमारतींवर अधिक पडला, कारण त्यांचे करपात्र मूल्य नव्या भावाने ठरत होते. नवे बांधणाऱ्याने जुन्याचा खर्च सोसावा, असा उलटा न्याय झाला. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित आकारणी आली, तेव्हा या गाठीची उकल निदान तत्त्वतः सुरू झाली.

(६) उपकरप्राप्त

दुरुस्तीवाचून इमारती जीर्ण होत गेल्या आणि पावसाळ्यात पडू लागल्या. मालक म्हणे, भाड्यातून दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणे, इमारत मालकाची आहे. दोघांचेही म्हणणे हिशेबाने खरे होते. अखेर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करून शासनाने ही जबाबदारी अंगावर घेतली आणि तिच्यासाठी शहर भागातील जुन्या इमारतींवर उपकर बसविला. शासन व महानगरपालिका यांनीही त्यात आपला वाटा घातला. अशा इमारतींची मूळ संख्या १९,६४२. त्यांपैकी १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या. प्रमाणभाड्याची तारीख आणि धोक्याच्या वर्गीकरणाची तारीख एकच असावी, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. १९७७ मध्ये गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण स्थापन झाल्यावर हे मंडळ त्यात सामील झाले.

शासकीय मराठीत या इमारतींना ‘उपकरप्राप्त’ म्हणतात. ‘पदवीप्राप्त’, ‘मान्यताप्राप्त’ या समासांत जे प्राप्त झाले ते लाभाचे असते. येथे इमारतीला प्राप्त झाला आहे तो कर. व्याकरणदृष्ट्या ‘उपकरपात्र’ हा शब्द अधिक सरळ ठरला असता. तथापि रूढ झालेला शब्द एका अर्थाने वस्तुस्थितीला धरूनच आहे. रहिवाशांच्या दृष्टीने उपकर हा हक्काचा पुरावा होता : आपली इमारत मंडळाच्या यादीत आहे, तेव्हा ती पडण्यापूर्वी कोणीतरी येईल, निदान संक्रमण शिबिरात जागा देईल, ही आशा त्या करात साठवली होती. परंतु दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा होती, इमारतींचे वय वाढतच होते, आणि संक्रमण शिबिरात गेलेली कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे तेथेच राहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातील पाकमोडिया मार्गावरची जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली. प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे सर्वांत क्रूर उत्तर अशा घटनांत मिळते.

(७) चटईक्षेत्र

चौथा शब्द नियोजनशास्त्रातला. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे ठरविणारा चटईक्षेत्र निर्देशांक मुंबईत १९६४ च्या सुमारास आला. दाटी आवरणे हा त्याचा हेतू. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईसारख्या शहरात मोकळ्या जमिनीची मर्यादा ५०० चौरस मीटर ठरविली; अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळावी अशी अपेक्षा होती, पण प्रत्यक्षात पुष्कळशी जमीन खटल्यांत व सवलतींच्या अर्जांत अडकून पडली. महाराष्ट्रात हा कायदा नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने चटईक्षेत्राला नवी भूमिका दिली. जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून भाडेकरूंना विनामूल्य घरे देणाऱ्यास अधिक चटईक्षेत्र मिळू लागले. १९९९ मध्ये ही सवलत वाढविण्यात आली. म्हणजे जो निर्बंध होता तोच आता मोबदला झाला. शासनाने तिजोरीतून पैसा न देता बांधकामाचा हक्क दिला आणि विकासकाने तो बाजारात विकून भाडेकरूचे घर बांधले. गोठविलेल्या भाड्याचा फरक अखेर वरच्या मजल्यांवरील नव्या सदनिकांच्या खरेदीदाराने भरावयाचा, आणि त्या मजल्यांचा भार शहराच्या रस्त्यांनी व जलवाहिन्यांनी सोसावयाचा, असा हा नवा हिशेब होय.

(८) उपसंहार

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९४७ च्या कायद्यातील प्रमाणभाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या असल्याचा निर्वाळा दिला. मुदत लवकरच संपणार असल्यामुळे मात्र त्या तेव्हाच रद्द केल्या नाहीत. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. त्याने भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्यास मुभा दिली, बँका व मोठ्या भांडवलाच्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले, आणि भाडेहक्काच्या हस्तांतरासाठी रक्कम घेण्यादेण्यास मान्यता दिली. जी पागडी अर्धशतकापूर्वी गुन्हा होती ती अशा रीतीने कायद्याच्या चौकटीत आली. मात्र वाढ मिळाली ती जुन्या, गोठलेल्या आकड्यावर. त्यामुळे टक्केवारी वाढली तरी रक्कम पुष्कळ ठिकाणी नाममात्रच राहिली.

या इतिहासावरून नियंत्रण सर्वथा त्याज्य होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १९४८ मध्ये भाडी मोकळी सोडली असती तर गिरणगावातील हजारो बिऱ्हाडे टिकली नसती, आणि चाळींतून जे लोकजीवन, ज्या चळवळी व जी बोली घडली तीही कदाचित् घडली नसती. दोष संरक्षण देण्यात नव्हता. संरक्षणाचा खर्च कोणी द्यावयाचा हे न सांगण्यात होता. कापसाच्या गाठीवरील रुपयाच्या वेळी तो खर्च निदान उघड होता : कर कोणावर आणि कशासाठी हे सर्वांस ठाऊक होते. प्रमाणभाड्याने तो झाकला, आणि झाकलेला खर्च पागडीच्या रूपाने नवागतावर, घरपट्टीच्या रूपाने नव्या इमारतीवर, उपकराच्या रूपाने सार्वजनिक निधीवर आणि अखेर चटईक्षेत्राच्या रूपाने साऱ्या शहरावर पडत गेला. कायद्याने एक नाव मिटविले की व्यवहाराने दुसरे काढले. म्हणून घरांविषयीच्या कोणत्याही नव्या कायद्याची परीक्षा करताना त्याचा हेतू काय आहे एवढेच पाहून भागत नाही. त्यातून लोकांच्या बोलण्यात कोणता नवा शब्द येऊ घातला आहे, आणि त्या शब्दाचे मोल कोण मोजणार आहे, हेही पाहावे लागते.